पगार नको, फक्त रजा द्या

२६ मार्च २०१८, सोमवार. जेवणाची सुट्टी संपत आली होती. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्याउभ्याच म्हटलं, "साहेब, मला रजा हवी आहे. पगार नको, फक्त रजा द्या."

हे वाक्य मी बदलापूर-भांडुप लोकलमध्ये दोन आठवडे मनात घोळवत होते. त्यातला 'पगार नको' हा भाग मला फार खरा आणि सरळ वाटायचा. मी कामावर नाही, तर पैसे घेणार नाही. मग कोणाचं काय जातं? त्या दिवशी माझी पूर्ण खात्री होती की कोणाचं काहीच जात नाही. त्या खात्रीपायी मी एका मुलीचे सहा महिने घेतले. म्हणून हे लिहिते आहे.

माझं माहेर देवगड तालुक्यातलं. बाबांची एकशे वीस कलमं आहेत, सगळी हापूसची. १० फेब्रुवारीला फवारणीचा पाइप ओढताना बाबा गडग्यावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. कणकवलीला ऑपरेशन झालं, ते नीट झालं. तीन महिने चढउतार बंद, वॉकर घेऊन घरातल्या घरात चालायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्हाला भाऊ नाही. धाकटी बहीण तेव्हा सातव्या महिन्यात होती. कलमांवरची फळं तेव्हा सुपारीएवढी झालेली. एप्रिलच्या सुरुवातीला ती काढायला येणार हे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातच स्पष्ट दिसत होतं.

बाग कराराने देता आली असती. पण पाच वर्षांपूर्वी बाबांनी एकदा ती दिली होती आणि करारदाराने मोहोर आणणाऱ्या कल्टारचा इतका मारा केला की पुढची दोन वर्षं कलमं दमलेली होती. शिवाय झाड फळांनी भरलेलं आणि मालक अंथरुणावर, अशा वेळी येणारा माणूस काय भाव सांगतो हे कोकणात कोणालाही विचारा. राखणीला दोन नेपाळी भाऊ होते, वर्षानुवर्षं येणारे, विश्वासाचे. घळीने आंबा उतरवणं त्यांना आमच्यापेक्षा चांगलं जमायचं. अडचण त्याच्या पुढची होती. देठ नीट राहिलाय का, चीक फळावर ओघळलाय का ते बघायचं, फळ हातात घेऊन वजनाप्रमाणे वेगळं करायचं, पेट्या भरायच्या, संध्याकाळी टेम्पो गाठायचा, वाशीच्या दलालाची पट्टी आली की हमाली, भाडं, दलाली वजा जाऊन हाती काय उरलं ते तपासायचं. हे सगळं बाबा एकटे करत आले होते. आईला डोळ्यांनी नीट दिसत नाही.

म्हणजे जायचं मीच, हे ठरलेलं होतं. बाबा मात्र फोनवर सारखे म्हणत, "तू येव नको गो. नोकरी सांभाळ."

ठरलेलं असूनही मी पाच आठवडे गप्प राहिले, कारण मार्चमध्ये आमच्याकडे पगारवाढीची पत्रं निघतात. आत्ता रजेचं काढलं तर वाढीवर परिणाम होईल, अशी मला भीती होती. पत्र २३ मार्चला हातात पडलं आणि २६ मार्चला मी केबिनमध्ये गेले. या दोन तारखांमधलं अंतर साहेबांच्या लक्षात आलं असणार. तेव्हा ते काही बोलले नाहीत.

आमची फर्म भागीदारीतली, लहान. पॅकिंग मशिनचे सुटे भाग बनवतो. सगळी मिळून चाळीसेक माणसं. अकाउंट्सला आम्ही तिघं: मी, नोंदी करणारा एक मुलगा, आणि ती. ती सेमी-क्वालिफाइड. सीए फायनलचा एक ग्रुप सुटलेला, दुसरा राहिलेला. डोंबिवलीहून यायची. मला ताई म्हणायची.

साहेबांनी विचारलं, "काय झालं?"

"बाबा. फार बिघडलंय त्यांचं."

आदल्या दिवशी बाबा वॉकर घेऊन खळ्यापर्यंत चालत आले होते. रात्री त्यांनीच ते मला आनंदाने सांगितलं होतं.

आंब्याचा शब्दही मी काढला नाही. वर्षअखेरीच्या तोंडावर अकाउंट्सची बाई आंबे काढायला निघाली, हे कसं दिसेल? आणि आंबा म्हणजे पैसा. इकडे रजा घेऊन तिकडे कमाई करते, असं कोणी म्हटलं असतं. आजारी बापासाठी माणूस गेला तर कोणी अडवत नाही हे मला माहीत होतं, आणि त्या माहितीचा मी वापर केला. आजारी बाप आणि पीक या माझ्या घरात वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. बाबांचं औषधपाणी, बहिणीचं बाळंतपण, पावसाआधी करायची घराची दुरुस्ती, सगळं त्या पेट्यांवर चालणार होतं. एवढंच सरळ सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

"किती दिवस?"

"दहा-बारा."

मला सहा आठवडे लागणार होते. हिशोबाची माणूस मी. कुठल्या कलमाचा आंबा कधी तयार होतो, हे लहानपणापासून पाहिलेलं. दहा-बारा हा आकडा मी विचार करून सांगितला होता. एकदा गेले की पुढचं पुढे बघता येईल, इतक्या लांबून मला कोण परत बोलावणार, असा तो विचार होता.

साहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जा. वडिलांपुढे काही नाही."

माझ्या खात्यावर हक्काची रजा नऊ दिवस शिल्लक होती, ती संपली की पुढे बिनपगारी. एका कागदावर चार ओळी लिहिल्या, सही केली, जागेवर येऊन बसले. मोकळं वाटलं. समोर ती मार्चची बिलं लावत होती. तिच्या मागे भिंतीवर कालनिर्णय होतं. त्याच्या एप्रिलच्या पानावर १ तारखेपासून ३० तारखेपर्यंत पेन्सिलची बारीक रेघ आहे हे मला माहीत होतं. डिसेंबरात ती रेघ तिने माझ्यासमोरच मारली होती. "ताई, पूर्ण एप्रिल मिळाला! बिनपगारी आहे, पण मिळाला." मेच्या पहिल्या आठवड्यात तिची परीक्षा सुरू होणार होती.

केबिनमध्ये जाण्यापूर्वी मला ती रेघ आठवली होती. कॅलेंडरवर अजून मार्चचं पान होतं. उलटून बघायला मी उठले नाही.

३१ मार्चला रात्री मी गाडीत बसले. १ एप्रिलपासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पन्नास हजारांपेक्षा जास्त किमतीचा माल पाठवायला ई-वे बिल सक्तीचं झालं. ते खरं तर १ फेब्रुवारीलाच सुरू व्हायचं होतं, पण पहिल्याच दिवशी पोर्टल कोलमडलं आणि तारीख पुढे गेली. आमचा निम्मा माल वापी-अहमदाबादकडे जायचा. फेब्रुवारीतल्या त्या दिवशी पोर्टलशी झटापट केली होती ती फक्त मी. गाड्यांचे नंबर कुठे भरायचे, ट्रान्सपोर्टरचा आयडी कुठून घ्यायचा, हे सगळं माझ्या वहीत होतं आणि वही माझ्या पर्समध्ये होती. जीएसटी पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल नंबरही माझाच. २०१७ मध्ये नोंदणी करताना सोय म्हणून मी तो टाकला होता. तो बदलावा हे मला सुचलं नाही. पाच आठवडे गप्प बसल्यामुळे काम कोणाकडे सोपवायचं हा विषयच निघाला नव्हता, आणि जाण्याआधीचे पाच दिवस वर्षअखेरीच्या कामात गेले.

बागेतले ते दिवस मी कष्टाने काढले आणि मला ते आवडले, हेही सांगते. पहाटे चहा घेऊन कलमांखाली जायचं. ऊन तापायच्या आत उतरवलेला आंबा सावलीत आणायचा. हातांना चिकाचे काळे डाग पडायचे. बाबा खळ्यात खुर्ची टाकून बसत आणि एकेक फळ हातात घेऊन मला दाखवत: ह्यो तयार, ह्यो चार दिवस ऱ्हवात. अक्षय्य तृतीया १८ एप्रिलला होती. त्याआधी वाशीला पोचलेल्या पेटीचा भाव आणि नंतरच्या पेटीचा भाव यांत खूप फरक पडतो, म्हणून त्या आठवड्यात आम्ही रात्री अकरा-अकरापर्यंत पेट्या भरल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच बाबांनी माझ्याशी इतकं बोलून घेतलं.

मी ११ एप्रिलला साहेबांना मेसेज केला: अजून दहा दिवस लागतील. २३ एप्रिलला दुसरा. ३ मेला तिसरा. प्रत्येक वेळी 'बाबांची तब्येत' एवढंच कारण. फोन एकदाही केला नाही. आवाजात खोटं पकडलं जाईल अशी भीती होती. पहिल्या मेसेजला "ओके, काळजी घ्या" असं उत्तर आलं. दुसऱ्याला "ओके". तिसऱ्याला काहीच नाही.

२० एप्रिल ही जीएसटीचं ३बी रिटर्न भरायची शेवटची तारीख. रात्री मी पेट्यांच्या पडवीत होते. आमच्या घरी रेंज येत नाही, त्यासाठी सड्यावर जावं लागतं. साडेदहाला बॅटरी घेऊन सहज वर गेले आणि फोन एकामागून एक वाजायला लागला. तिचे सतरा मिस्ड कॉल. मी फोन लावला.

"ताई, ओटीपी आलाय का? तुमच्या नंबरवर जातोय."

आला होता, पण त्याची मुदत संपली होती. तिने पुन्हा मागवला. मी सड्यावर एका कातळावर उभी राहिले, फोन उंच धरून. रेंज गेली, परत आली. दुसरा आकडा सांगितला तर तिकडे पोर्टल बाहेर फेकलं गेलं. तिने पुन्हा सगळं भरलं. तिसरा ओटीपी लागला तेव्हा बारा वाजायला पंधरा मिनिटं होती. उशीर झाला असता तर दिवसाला पन्नास रुपये विलंब शुल्क आणि कराच्या रकमेवर व्याज. पैसे फार नव्हते. पण त्या ऑफिसमध्ये ती एकटी होती, वॉचमन खाली, आणि ती संध्याकाळी सहापासून माझ्या फोनची वाट बघत बसली होती.

"झालं ताई. तुम्ही झोपा. बाबांना जपा."

त्या रात्री ती घरी दीड वाजता पोचली, हे मला पुढे तिच्याकडून नाही, नोंदी करणाऱ्या मुलाकडून कळलं. मुद्दा निराळा आहे. तो २० एप्रिल होता. ती रजेवर असायला हवी होती, घरी अभ्यासाला. ती ऑफिसमध्ये काय करत होती, हा प्रश्न मला सड्यावर पडला होता. उतरताना मी तो बाजूला सारला. सकाळी टेम्पो लवकर येणार होता.

आम्ही त्या हंगामात दोनशे ऐंशी पेट्या पाठवल्या. मे लागल्यावर भाव उतरले, राहिलेला आंबा कॅनिंगला दिला. मी १२ मेला निघाले तेव्हा बाबांनी दोन पेट्या वेगळ्या बांधून ठेवल्या होत्या. त्यातली एक पुढे सरकवून म्हणाले, "ही तुझ्या साहेबाक दी. तेनी तुका सोडल्यान म्हणान आंबो वाशीक पोचलो."

बाबांना वाटत होतं, साहेबांनी सगळं जाणून, आंब्यासाठी म्हणून मला सोडलं. त्यांच्या दृष्टीने यात लपवण्यासारखं काय होतं? पीक आलं की माणूस लागतो, मालकाला ते समजतं, तो सोडतो. ती पेटी मांडीवर घेऊन मी मुंबईपर्यंत आले. वाटेत दोनदा ठरवलं की ऑफिसात नेऊच नये. पण बाबा फोनवर विचारणार होते.

सोमवारी १४ तारखेला पेटी साहेबांच्या टेबलावर ठेवली. "बाबांनी पाठवली." त्यांनी पेटीकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. चिकाचे डाग गेले नव्हते. "वडील बरे आहेत ना आता?" मी हो म्हटलं. ते पुन्हा कागदांत बघायला लागले.

महिन्याचं रजेचं रजिस्टर लावायचं काम माझंच. दुपारी फाइल काढली. माझ्या चार ओळींच्या कागदाखाली तिचा अर्ज होता. ११ डिसेंबर २०१७ ची तारीख, टाइप केलेला. १ ते ३० एप्रिल, बिनपगारी, कारण परीक्षा. खाली कोणतं काम मार्चअखेर पूर्ण करून देईन आणि कोणतं नोंदींच्या मुलाला शिकवून ठेवीन याची यादी. 'मंजूर' आणि साहेबांची सही. त्यावर लाल पेनने आडवं लिहिलेलं: 'रद्द. कामाची गरज.' तारीख २७ मार्च.

माझ्या अर्जाच्या दुसऱ्या दिवशीची.

त्या अर्जाकडे मी बराच वेळ बघत बसले. माझ्याकडे जे नव्हतं ते सगळं त्यात होतं. साडेतीन महिने आधी सांगितलेलं, खरं कारण, खऱ्या तारखा, मागे राहणाऱ्यांची सोय. आणि रजा मला मिळाली होती.

कायद्यानेही तिच्या हातात काही नव्हतं. राज्याचा दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा आदल्या डिसेंबरातच लागू झाला होता. त्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत, २४० दिवस काम भरलं की वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा आहे, ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. बिनपगारी रजेचा हक्क त्यात नाही. ती मालकाच्या राजीखुशीची गोष्ट. आणि राजीखुशी एकाच्या पदरात पडली की दुसऱ्यासाठी उरतेच असं नाही, विशेषतः तीन माणसांच्या खात्यात.

मग मी माझ्या स्वतःच्या नोंदी केल्या. नियुक्तिपत्रात लिहिलेलं होतं की बिनपगारी रजेच्या मध्ये येणारे रविवार आणि सुट्ट्याही कापल्या जातील. हा नियम मी नऊ वर्षं दुसऱ्यांच्या पगारांना लावला होता. आईच्या दिवसकार्याला गावी गेलेल्या एका वेल्डरचे दोन रविवार मी असेच कापले होते, मान वर न करता. आता स्वतःचे कापताना तो माणूस आठवला. मे महिन्यात माझ्या हातात जे आलं त्यातून पतपेढीचा हप्तासुद्धा गेला नाही. भविष्यनिर्वाह निधीचा भरणाही तेवढ्या दिवसांचा बुडाला. याबद्दल मला तक्रार नाही. माझं जे गेलं ते मी आधीच कबूल केलं होतं.

संध्याकाळी तिला विचारलं, "परीक्षेला बसलीस?"

"नाही ताई. एवढ्याशा तयारीवर काय बसणार? नोव्हेंबरला बघू." मग तिनेच विचारलं, "बाबा खरंच ठीक आहेत ना? साहेब म्हणत होते, फार सिरियस होते."

तेव्हा तरी खरं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "आहेत आता ठीक." तिला बरं वाटलं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. माझ्या सगळ्या चुकांत मला ही सर्वांत जड वाटते. बाकीच्या भीतीपोटी झाल्या. या वेळी भ्यायचं कारण उरलं नव्हतं. रजा झाली होती, नोकरी होती, समोर माझ्या बापाची चौकशी करणारी मुलगी होती.

दोन महिन्यांनी, जुलैत, मेच्या परीक्षेचे निकाल लागले. तिच्याबरोबर अभ्यास करणाऱ्या एका मैत्रिणीचा फोन आला. ती बाहेर जाऊन बोलली, आत येऊन पुन्हा कामाला लागली. त्या दिवशी मी तिला स्टेशनपर्यंत सोबत घेतलं आणि भांडुपच्या फलाटावर सगळं सांगितलं. वॉकर, आंबा, दहा-बारा दिवस, कॅलेंडरवरची रेघ.

दोन लोकल गेल्या. ती बोलली तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

"आंब्यासाठी जायचं होतं तर आंब्यासाठी म्हणायचं ना ताई. माझे आजोबा पण शेतीच करतात. मला फेब्रुवारीत सांगितलं असतं तर मी मार्चमध्ये रात्री बसून निम्मं काम उरकलं असतं. त्या मुलाला ई-वे बिल शिकवलं असतं. दोघींचंही झालं असतं."

तिच्या त्या 'दोघींचंही'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "पेटी आणलीत तेव्हाच समजलं होतं." मग जरा वेळाने: "तुमचा पगार वाचला, तो मला नको होता. दोन गाड्या वापीला चार-चार दिवस उशिरा गेल्या. एका गिऱ्हाइकाने पुढची ऑर्डर दिली नाही. फेब्रुवारीत बोलला असतात तर आपल्या सीएंकडून दोन महिन्यांसाठी एखादा आर्टिकलचा मुलगा मागून घेतला असता. त्या मुलीची रजा मला कापावी लागली नसती. मी ती कापली, तो माझा निर्णय. पण मला विचार करायला तुम्ही एक दिवस ठेवला होतात."

त्या वर्षी ऑक्टोबरात हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. बाबांनी पेपरातलं कात्रण मला पाठवलं आणि फोनवर विचारलं, साहेबांना दाखवलंस का. दाखवलं. साहेबांनी ते वाचलं आणि मला म्हणाले, "वडिलांना अभिनंदन सांगा." मी सांगितलं.

नोव्हेंबरच्या परीक्षेत तिचा ग्रुप सुटला. जानेवारीत निकाल लागला, फेब्रुवारीत ती आमची नोकरी सोडून गेली, चांगल्या ठिकाणी. तिला पेढे वाटताना बघून मला आनंद झाला, पण ते पेढे तिला जुलैत वाटता आले असते हे मी विसरले नाही.

बाबा तोवर काठी घेऊन बागेत जायला लागले होते, पण कलमांच्या उतारावर उतरत नव्हते. म्हणजे २०१९ च्या हंगामातही मी लागणारच होते. १५ जानेवारीला मी अर्ज टाइप करायला घेतला. कारण: घरच्या बागेतली आंबाकाढणी. मग 'दिनांक' शब्दापाशी थांबले आणि खुर्ची वळवून नोंदी करणाऱ्या मुलाला विचारलं, "एप्रिल-मेमध्ये तुझं काही आहे का रे?"

त्याने संशयाने माझ्याकडे बघितलं. त्याला असं कोणी कधी विचारलं नव्हतं.

"माझ्या ताईचं लग्न आहे," तो म्हणाला, "२४ एप्रिलला. पण मी अजून कोणाला सांगितलं नाही. सुट्टी मिळेल का तेच माहीत नाही."

मी कॅलेंडर भिंतीवरून काढून त्याच्या टेबलावर ठेवलं. एप्रिलचं पान उघडलं. आधी त्याला त्याचे दिवस मांडायला सांगितले. त्याने २० ते २६ अशी रेघ मारली. मग मी माझी रेघ २७ एप्रिलपासून ओढली आणि पान उलटून १२ मेपर्यंत नेली. अक्षय्य तृतीया त्या वर्षी ७ मेला होती. आधीचा आंबा गावातल्या एका ओळखीच्या बागायतदाराने आपल्या पेट्यांबरोबर पाठवावा असं बाबांशी बोलून घेतलं. त्याला पेटीमागे काय द्यायचं तेही ठरवलं.

दोघांचे अर्ज आम्ही एकाच दिवशी केबिनमध्ये नेले. त्याचा वर होता.